कबुतराची धाप : उन्हाची आणि आजाराची

(शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि शासकीय कर्मचारी यांच्यासमोर उन्हाळ्याच्या तोंडावर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शासनाच्या माहिती खात्यातील माणसाने कबुतरासारख्या विषयावर बोलावे, याचे आपणांपैकी काहींस आश्चर्य वाटले असेल. पाणीपुरवठा, पीकविमा, लसीकरण हे आमचे नित्याचे विषय. परंतु मार्च महिना उजाडला की आमच्याकडे येणाऱ्या विचारणांत एक प्रश्न हटकून असतो. कोणी विचारतो, “कबूतर चोच उघडून धापा टाकते आहे, त्यास दमा झाला असेल काय?” दुसरा विचारतो, “कबुतराच्या गळ्यातून खरखर ऐकू येते, ऊन लागले असेल काय?” गंमत अशी की, या दोन प्रश्नकर्त्यांनी आपापसांत उत्तरांची अदलाबदल केली तर बहुधा दोघांचेही काम व्हावे. चोच उघडून निःशब्द धापणारे कबूतर बहुतेक वेळा उन्हाने त्रासलेले असते, आणि ज्याच्या श्वासातून आवाज येतो ते बहुतेक वेळा आजारी असते. तथापि लोक पहिल्यास औषध पाजतात आणि दुसऱ्यास सावलीत ठेवून देतात. दोन्ही पक्षी हातचे जातात.

मी पशुवैद्य नव्हे. कला शाखेचा पदवीधर आहे. त्यामुळे आज मी जे सांगणार आहे ते पशुवैद्यकांना विचारून, वाचून आणि अनेक ढाबळींसमोर उभे राहून जमविलेले आहे. औषधांची मात्रा मी सांगणार नाही. ते पशुवैद्याचे काम. मात्र पशुवैद्याकडे केव्हा धावावे आणि केव्हा नुसती पाण्याची बादली व सावली पुरेशी आहे, हे ओळखणे कोणाही जाणत्या माणसास शक्य आहे.

हा विषय क्षुल्लक नाही, हेही प्रारंभीच सांगून ठेवतो. कबुतरे पाळणारा आपल्याकडील माणूस बहुधा श्रीमंत नसतो. चाळीच्या गच्चीवर, घरामागच्या पडवीत, तालमीच्या शेजारी चार फळ्या व एक पत्रा यांची ढाबळ उभी राहते. ती राखणारा पुष्कळदा शाळकरी मुलगा असतो आणि पक्षी त्याने खाऊच्या पैशांतून घेतलेले असतात. अशा ढाबळीत एका दुपारी आठ-दहा पक्षी मरून पडले तर त्या मुलास काय वाटते, हे येथे बसलेल्या शिक्षकांना मी सांगण्याची आवश्यकता नाही.

श्वासाची रचना

कबुतराचा श्वास आपल्या श्वासासारखा नाही. आपल्या छातीच्या तळाशी स्नायूंचा एक पडदा असतो आणि तो खालीवर झाल्याने फुप्फुसे फुगतात, मिटतात. पक्ष्यांस असा पडदा नाही. त्यांची फुप्फुसे लहान व घट्ट असून ती फारशी फुगत नाहीत. फुप्फुसांना जोडून शरीरभर हवेच्या पातळ पिशव्या असतात, त्यांस वायुकोश म्हणतात. काहींचे फाटे तर पंखाच्या पोकळ हाडापर्यंत गेलेले असतात. छातीचे मोठे हाड पुढे-मागे हलते, वायुकोश भात्याप्रमाणे उघडतात, मिटतात, आणि हवा फुप्फुसांतून जवळजवळ एकाच दिशेने वाहत राहते. उंच उडणाऱ्या पक्ष्यास ही रचना फार सोयीची आहे.

यातून एक गोष्ट निघते, आणि ती मुलांना अवश्य सांगावी. कबुतराची छाती मुठीत आवळली तर त्याचे नाक-तोंड मोकळे असूनही ते गुदमरते, कारण छातीचे हाड हलल्याखेरीज त्यास श्वासच घेता येत नाही. प्रेमाने घट्ट धरलेले पिल्लू हातातच मेल्याची उदाहरणे आहेत. पक्षी धरावा तो तळहातावर, पाय बोटांत घेऊन आणि पंख अंगठ्याने अलगद मिटवून.

आवाज कोठून येतो तेही पाहू. पक्ष्याचे स्वरयंत्र गळ्याच्या वरच्या टोकाला नसते. श्वासनलिका छातीत शिरून जेथे दुभागते तेथे, म्हणजे पुष्कळ खाली ते असते. नराचे घुमणे तेथूनच निघते. याच दुभागावर बुरशीची एखादी गाठ धरली तर पक्ष्याचा आवाज प्रथम बदलतो आणि धाप मागाहून लागते. “आमचा नर आठ दिवसांपासून नीट घुमत नाही,” असे कोणी सांगितले तर ते हसण्यावारी नेऊ नये, ते याचसाठी.

घाम नसलेल्या पक्ष्याचा उन्हाळा

कबुतराच्या शरीराचे उष्णतामान साधारणतः ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असते. माणसास ज्या तापात वात होईल, तो कबुतराचा नेहमीचा. म्हणून पक्षी हातास गरम लागला एवढ्यावरून त्यास ताप आहे असे समजू नये. हवा या अंकाहून थंड असते तोवर शरीराची उष्णता पायांतून, चोचीतून, पंखांखालच्या विरळ पिसांच्या जागेतून बाहेर जाते. अकोला, चंद्रपूर, जळगाव येथील मे महिन्याच्या दुपारी हवाच शरीराहून तप्त होते, तेव्हा उष्णता उलट आत येऊ लागते. मग उरतो एकच मार्ग : पाण्याची वाफ करणे.

पक्ष्यास घामाच्या ग्रंथी नसतात. ते चोच किंचित उघडून घशाचा तळ भराभर हलविते व जलद, उथळ श्वास घेते. घसा व श्वासनलिका यांच्या ओल्या अस्तरावरून हवा फिरते, वाफ होते आणि रक्त थंड होते. शांत बसलेले कबूतर मिनिटास २५ ते ३० वेळा श्वास घेते. धापताना हा आकडा सुमारे ६०० पर्यंत जातो. इतके श्रम केल्याने पक्षी आणखी तापणार नाही काय, असा प्रश्न पडतो. झोक्यास त्याच्या स्वतःच्या लयीत टेकू दिला की थोड्या श्रमात तो हलत राहतो; कबूतरही आपल्या छातीच्या स्वाभाविक लयीवरच धापते, म्हणून त्यास फार श्रम पडत नाहीत. धापेने रक्तातील कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर घटण्याचा धोका असतो. त्यावरही तोड आहे. उथळ श्वास केवळ घसा व श्वासनलिका यांतली हवा हलवितात, आणि मधूनमधून संथ, खोल श्वास घेऊन फुप्फुसांचे काम भागविले जाते.

पण कबुतराची खरी करामत याच्याही पुढची आहे. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील जेकब मार्डर आणि त्यांचे सहकारी यांनी १९८० च्या दशकात असे दाखवून दिले की, कोरड्या हवेत हळूहळू उष्णतेची सवय लावलेली आणि पाणी मिळत असलेली कबुतरे ५० ते ६० अंश सेल्सिअस उष्णतेतही चोच न उघडता शांत बसू शकतात. ती त्वचेतून पाण्याची वाफ करतात. घाम येत नाही, तरीही त्वचेतून पाणी झिरपून उडून जाते. पाळीव कबुतराचा पूर्वज म्हणजे कड्याकपारींत राहणारा पारवा. आपल्या किल्ल्यांच्या तटांत व जुन्या विहिरींच्या कोनाड्यांत त्याचेच वंशज राहतात. रखरखीत प्रदेशांतील वास्तव्यातून ही देणगी त्यास मिळालेली आहे.

“हळूहळू सवय लावलेली” आणि “कोरड्या हवेत” हे शब्द मात्र विसरू नयेत. आपल्या ढाबळींतील मृत्यूंचा पुष्कळसा उलगडा या दोन शब्दसमूहांत आहे. मेच्या मध्यावरील ४३ अंश जो पक्षी सहज सोसतो, तोच मार्चअखेर एकाएकी आलेल्या ३९ अंशांत कोलमडू शकतो, कारण तेव्हा त्याच्या त्वचेची तयारी झालेली नसते. घरात वाढविलेला, थंड हवेच्या गावाहून नुकताच आणलेला, लठ्ठ झालेला किंवा पिसे गाळीत असलेला पक्षी यांस धोका अधिक. आणि दुसरे असे की, मुंबई, ठाणे, रत्नागिरीकडील दमट हवेत वाफच होत नाही. कोकणातील ३६ अंश हे विदर्भातील ४२ अंशांपेक्षा कबुतरास जड जाऊ शकतात. तापमापकावरील एकच आकडा पाहून साऱ्या राज्यासाठी एक नियम करणे हे आम्हां कार्यालयीन मंडळींस आवडते, परंतु पक्ष्यांस ते मान्य नाही.

कोणता आवाज कशाचा

आता आवाजांकडे वळू. काही आवाज निरोगी कबुतराचेच असतात, ते आधी बाजूस काढू. नराचे घुमणे, घरट्यावर बसलेल्या मादीचे हात पुढे केल्यावरचे गुरकावणे, पिल्लांचे चारा मागतानाचे बारीक चिरकणे, हे सारे स्वाभाविक होय. दीर्घ उड्डाणाहून परतलेला पक्षी चोच उघडून धापतो आणि काही मिनिटांत शांत होतो, हेही स्वाभाविकच. नवख्या माणसाने उचलले तर भीतीनेही पक्षी धापतो. म्हणून परीक्षा करावयाची ती पक्ष्यास हात लावण्यापूर्वी, चार पावलांवरून.

आजाराचे आवाज निराळे असतात. ओली खरखर, म्हणजे घशात कफ अडकल्यासारखी घरघर. बारीक शिट्टी, म्हणजे नळीचा मार्ग अरुंद झाल्याचे चिन्ह. प्रत्येक श्वासाबरोबर येणारी टिकटिक. वारंवार शिंका. आणि आवाज नसला तरी एक चिन्ह डोळ्यांस दिसते : दर श्वासास शेपटी खालीवर होते. शांत बसलेल्या कबुतराची शेपटी अशी हलू लागली तर त्यास श्वासासाठी जोर लावावा लागत आहे, असे समजावे.

उन्हाची धाप मात्र जवळजवळ निःशब्द असते. प्रथम पक्षी पंख अंगापासून थोडे दूर धरतो, पिसे अंगासरशी चापून घेतो आणि सावलीचा कोपरा गाठतो. मग चोच उघडते आणि घसा थरथरू लागतो. येथपर्यंत त्याचे शरीर आपले काम चोख करीत आहे, घाबरण्याचे कारण नाही. परंतु मान लांबविली, पंख लोंबू लागले, डोळे अर्धवट मिटले, चालताना तोल जाऊ लागला की मामला हाताबाहेर चालला असे जाणावे. शरीराचे उष्णतामान ४५ अंशांवर गेल्यावर पक्षी वाचणे कठीण असते.

दोहोंतील भेद ओळखण्यास मी दोन प्रश्न विचारतो. पहिला प्रश्न : एकटा धापतो की सगळे? ढाबळीतील बहुतेक पक्षी चोची उघडून बसले असतील तर दोष उन्हाचा किंवा ढाबळीचा. इतर सारे चोच मिटून दाणे टिपीत आहेत आणि एकच धापतो आहे, तर दोष त्या पक्ष्यात आहे. दुसरा प्रश्न : पहाटे काय होते? उन्हाची धाप उन्हाबरोबर जाते. म्हणून सूर्योदयापूर्वी, अथवा रात्री सर्वत्र सामसूम झाल्यावर, दिवा न लावता ढाबळीजवळ जाऊन पाच मिनिटे नुसते ऐकत उभे राहावे. दिवसाच्या गलबल्यात न ऐकू येणारी घरघर तेव्हा स्पष्ट ऐकू येते. गार वेळी येणारा आवाज हा उन्हाचा नव्हे. अनुभवी कबूतरबाज हे निजण्यापूर्वी रोज करतात. त्यास ते परीक्षा म्हणत नाहीत इतकेच.

दोन्ही कारणे एकाच वेळी असू शकतात, हे मात्र लक्षात ठेवावे. ज्याची श्वासनलिका आजाराने आधीच अर्धी बुजली आहे त्यास धापून अंग थंड करता येत नाही. म्हणून उष्णतेच्या लाटेत पहिला बळी पडतो तो पुष्कळदा छुपा रोगी. पहिला पक्षी गेला की “ऊन लागले” म्हणून प्रकरण मिटवू नये. त्याची चोच उघडून घसा पाहावा.

दोन ढाबळी

एका तालुक्याच्या गावी घडलेली गोष्ट सांगतो. एका तरुणाची वीस-बावीस कबुतरे एप्रिलमध्ये दुपारी धापू लागली. कोणीतरी त्यास ती थंडीतापाची साथ असल्याचे सांगितले. त्याने वारा लागू नये म्हणून ढाबळीच्या जाळीस चारी बाजूंनी गोणपाट बांधले आणि दुकानातून आणलेली कोंबड्यांची प्रतिजैविक पूड पाण्यात कालविली. कडू पाणी पक्ष्यांनी पिण्याचे सोडले. पत्र्याखाली, वाऱ्यावाचून आणि पाण्यावाचून दोन दिवसांत त्यांतील निम्म्याहून अधिक पक्षी मेले. आजार असा कोणताच नव्हता.

दुसरी ढाबळ एका शाळेच्या शिपायाची. त्याच्या एका नराच्या गळ्यात खरखर होती. उन्हाळा होता, म्हणून त्याने पक्षी माठाजवळ गारव्यास ठेवला, पाणी शिंपडले, आणि महिना तसाच जाऊ दिला. तोवर त्या नराने भरविलेली दोन पिल्ले मेली, मग शेजारच्या घरट्यातील दोन. अखेरीस पशुवैद्याने चोच उघडून दाखविली तेव्हा घशात पिवळट, चक्क्यासारखा थर साचलेला होता. कबूतरबाज यास कँकर म्हणतात. ट्रायकोमोनास गॅलिनी नावाचा एकपेशीय परजीवी त्यास कारण होतो. कबुतराचे नर व मादी दोघेही अन्नपिशवीत तयार होणारे “दूध” पिल्लांस भरवितात. त्या दुधातून आणि सामाईक पाण्यातून तो पसरतो. त्यावर औषध आहे आणि वेळेवर दिले तर गुणही येतो. हा थर काडीने किंवा नखाने खरवडून काढण्याची मात्र अनेकांस खोड असते. त्याखालून रक्त वाहते आणि पक्षी त्यानेच दगावतो.

श्वासाचे अन्य आजार थोडक्यात सांगतो. डोळ्यातून, बहुधा एकाच डोळ्यातून पाणी, शिंका आणि खरखर असेल तर क्लॅमिडिया सिटॅसी या जंतूची शंका घ्यावी. हा जंतू माणसासही न्यूमोनियासारखा आजार देतो. त्यावरील डॉक्सिसायक्लिनचा उपचार काही आठवडे चालतो, आणि त्या काळात शिंपल्यांचा चुरा, चुनखडी असे कॅल्शियमचे पदार्थ पक्ष्यांपुढून काढावे लागतात, कारण औषध त्यांच्याशी बांधले जाऊन अंगी लागत नाही. अर्धा गुण आला की औषध थांबविणे हा आपल्याकडील सार्वत्रिक दोष आहे, तो येथे विशेष महाग पडतो. मायकोप्लाझ्मामुळे रात्रीची घरघर दीर्घकाळ रेंगाळते. हर्पिस विषाणूमुळे शिंका येतात आणि चोचीच्या मुळाशी असलेला पांढराशुभ्र उंचवटा मळकट होतो. देवीच्या एका प्रकारात घशातच फोड येतात. बुरसट दाणे व ओलसर तूस यांतून ॲस्परजिलस बुरशी फुप्फुसात शिरते. तिच्यावर उपचार कठीण, प्रतिबंध सोपा. यांपैकी कोणता आजार आहे हे केवळ आवाजावरून पशुवैद्यही सांगणार नाही, तो घसा पाहील, नमुना तपासेल. मग दुकानदाराने पुडी पाहून ते कसे सांगावे?

मान वाकडी होणे, गोल फिरणे, पाण्यासारखी विष्ठा ही लक्षणे मात्र श्वासाच्या आजाराची नव्हेत. ती कोंबड्यांच्या मानमोडीच्या जातीतील विषाणूची असतात आणि त्यावर लस हाच उपाय.

ऊन लागलेल्या पक्ष्यास काय करावे

पक्षी ताबडतोब सावलीत, वाहत्या हवेत आणावा. पाय साध्या पाण्यात बुडवावेत. पंखांखाली व पोटास त्याच पाण्याचा हात फिरवावा आणि पुठ्ठ्याने वारा घालावा. बर्फ किंवा फ्रिजमधील पाणी वापरू नये. त्याने त्वचेतील रक्तवाहिन्या आकसतात आणि आतली उष्णता आतच राहते. पाणी समोर ठेवावे, चोचीत ओतू नये. कबुतराच्या जिभेच्या मुळाशीच श्वासनलिकेचे तोंड असते. धापणाऱ्या पक्ष्याच्या चोचीत पाणी ओतले की ते थेट फुप्फुसात जाते. ऊन लागून वाचलेला पक्षी दुसऱ्या दिवशी खरखरू लागतो त्यामागे पुष्कळदा हीच सेवा असते. शुद्धीवर असेल तर चोचीचे टोक पाण्यास लावावे, तो आपण होऊन पिईल. कबूतर चिमणीसारखे घोट घेऊन मान वर करीत नाही. ते चोच बुडवून ओढून पिते. म्हणून उथळ बशी उपयोगाची नाही, चोच नाकपुड्यांपर्यंत बुडेल इतके, बोटभर तरी खोल पाणी हवे. एका पक्ष्यास दिवसाला साधारण ३० ते ६० मिलिलिटर पाणी लागते, उन्हाळ्यात व पिल्ले असताना त्याहून पुष्कळ अधिक. भांडे सावलीत ठेवावे व दिवसातून दोनदा पाणी बदलावे.

ढाबळीविषयी म्हणाल तर जुन्या विहिरीच्या कोनाड्यातील पारवा आपला गुरू होय. वर दगडाची जाड सावली, समोर मोकळी हवा, खाली पाणी. आपण मात्र त्यास पत्र्याखाली बंद करतो. पत्र्यावर चुन्याचा पांढरा हात द्यावा, वर कडब्याच्या पेंढ्या किंवा उसाचे पाचट अंथरावे. तापलेली हवा छपराशी साचते आणि सर्वांत वरच्या खणातील घरटी प्रथम भाजतात. त्या घरट्यांतील पिल्लांस उठून दुसरीकडे जाता येत नाही. म्हणून छपराच्या उंच बाजूस एक फट उघडी हवीच. ओले गोणपाट देशावर व विदर्भात वाऱ्याच्या बाजूस एकाच भिंतीवर लावावे, म्हणजे आलेली हवा दुसऱ्या बाजूने निघून जाईल. कोकणात ते लावूच नये. तेथे मोकळा वारा हाच उपाय. आठवड्यातून दोन-तीन वेळा सकाळी परातीत आंघोळीचे पाणी द्यावे.

चारा सकाळी लवकर व सूर्य कलल्यावर घालावा. अन्न पचविताना शरीरात उष्णता निर्माण होते, ती भर दुपारी कशाला? उन्हाळ्यात मका कमी करून ज्वारी-बाजरी वाढवितात ते योग्यच आहे. उड्डाणेही पहाटेच संपवावीत. पैजेसाठी पक्ष्यास भर मे महिन्यात दुपारपर्यंत आकाशात ठेवण्याची जी चढाओढ काही ठिकाणी चालते, तिला मी स्वतः खेळ म्हणावयास तयार नाही. प्रवासात पक्षी नेताना खोक्यास सर्व बाजूंनी छिद्रे असावीत, आणि बंद मोटारीत ते क्षणभरही ठेवू नये.

गर्दी आणि अमोनिया यांबद्दल एकच खूण सांगतो. सकाळी ढाबळीचे दार उघडताच आपल्या नाकास झोंबले, तर आत रात्रभर बसलेल्या पक्ष्याच्या श्वासनलिकेचे काय झाले असेल ते समजून घ्यावे.

पाळणाऱ्याचा श्वास

२०२५ मध्ये मुंबईतील कबुतरखान्यांवरून मोठा वाद झाला आणि तो उच्च न्यायालयापर्यंत गेला, हे आपण जाणताच. तो प्रश्न रस्त्यावरील पारव्यांना दाणे घालण्याचा होता. त्यात आज शिरत नाही. परंतु पाळीव कबुतरांच्या विष्ठेची व पिसांची धूळ माणसाच्या फुप्फुसास अपाय करू शकते, हे वैद्यकास १९६५ पासून ठाऊक आहे. कबूतर पाळणाऱ्यांच्या फुप्फुसाचा एक विशिष्ट आजार त्या वर्षी वैद्यकीय नियतकालिकात नोंदविला गेला. ढाबळ साफ केल्यानंतर चार-सहा तासांनी कोरडा खोकला, कणकण व धाप, आणि दोन दिवसांत आपोआप आराम, असे पुनःपुन्हा होत असेल तर ते “हवामान” नव्हे. तपासणी टाळली तर पुढे फुप्फुस कायमचे ताठर होते. डॉक्टरांना “मी कबुतरे पाळतो” हे न विचारताही सांगावे, कारण ते विचारतीलच असे नाही. विष्ठा कोरडी झाडू नये. पाणी शिंपडून, नाकातोंडावर चांगला मास्क बांधून खरवडावी. शाळेच्या वऱ्हांड्यात पारव्यांची घाण साचत असेल तर ती विद्यार्थ्यांकडून झाडून घेऊ नये, अशी शिक्षकांना विनंती आहे.

विद्यार्थ्यांकडून करून घेण्याजोगे दुसरे काही आहे. शाळेच्या छपरावरचा पारवा सकाळी आठ वाजता व दुपारी दोन वाजता लांबूनच पाहावा आणि त्याच्या चोचीची, पंखांची, बसण्याच्या जागेची नोंद महिनाभर वहीत करावी. शेजारी उष्णतामान लिहावे. निसर्गाभ्यासाचा इतका स्वस्त पाठ दुसरा नसेल.

ग्रामपंचायत सदस्यांसाठी एक बाब शेवटी सांगावयाची आहे, कारण ती त्यांच्या कर्तव्यात मोडते. एखादा पक्षी धापतो, एखादा मरतो, तोवर प्रश्न मालकाचा. परंतु ढाबळीत, कोंबड्यांच्या खुराड्यात किंवा तळ्याकाठी एकाएकी अनेक पक्षी मरू लागले तर ऊन होते म्हणून गप्प बसता येणार नाही. देशातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे फेब्रुवारी २००६ मध्ये कोंबड्यांत आढळला होता. कबुतरे त्या रोगास सहसा फारशी बळी पडत नाहीत, तरीही मृत पक्ष्यांची तपासणी झाल्यावाचून तसे गृहीत धरणे बरोबर नाही. जनावरांतील संसर्गजन्य व सांसर्गिक रोग प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २००९ मध्ये नमूद केलेल्या रोगाची शंका आल्यास मालकाने गावच्या अधिकाऱ्यास अथवा ग्रामपंचायतीस कळवावे आणि तेथून ती खबर जवळच्या पशुवैद्याकडे जावी, अशी तरतूद आहे. मेलेले पक्षी उघड्या हातांनी उचलू नयेत, उकिरड्यावर किंवा ओढ्यात टाकू नयेत. तपासणीसाठी पशुवैद्य येईपर्यंत ते प्लास्टिकच्या दुहेरी पिशवीत बांधून सावलीत ठेवावेत. पशुवैद्यकीय सेवेचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक १९६२ हा आहे. तो ग्रामपंचायतीच्या फलकावर ठळक अक्षरांत लिहून ठेवावा, आणि त्याखाली जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याची वेळही लिहावी.